आधी प्रत, मग पार्टिशन

सुरुवातीलाच सांगून टाकते. माझी शाळा कॉन्व्हेंट. मराठी हा दहावीपर्यंत फक्त एक विषय होता आणि त्यातले माझे मार्क कृपया विचारू नका. तरीही हा लेख मराठी विभागाला देतेय, कारण ज्या चुकीबद्दल तो आहे, ती केल्यावर रात्री दोन वाजता मी आणि माझी रूम पार्टनर अस्सल मराठीतच रडलो होतो!

विषय तसा रोजचाच. हॉस्टेलवर कुणाचा नवा लॅपटॉप आला की सगळा फ्लोअर बघायला जमतो. मग कुणीतरी विचारतंच, "अगं, हिच्याकडे फक्त सी ड्राइव्ह? डी कुठाय?" जणू डी नसणं म्हणजे घराला मागचं दार नसणं. लगेच एक 'तज्ज्ञ' पुढे येते आणि म्हणते, "दे इकडे, दोन मिनिटांत पार्टिशन करून देते." आमच्या फ्लोअरवर ती तज्ज्ञ मी होते.

हे डी ड्राइव्हचं वेड आलं कुठून? ए आणि बी ही अक्षरं फ्लॉपीसाठी राखलेली होती, म्हणून हार्ड डिस्क सी पासून सुरू झाली. पुढे डॉस आणि विंडोज ९५ च्या पहिल्या आवृत्तीपर्यंत एक पार्टिशन २ जीबीपेक्षा मोठं करताच येत नसे. डिस्क मोठी घेतली की सी, डी, ई असे तुकडे पाडणं भाग होतं. १९९६ मध्ये फॅट ३२ आलं आणि ती अडचण संपली, पण सवय राहिली. त्याला कारणही होतं. तेव्हा विंडोज वरचेवर बिघडायची, सी फॉरमॅट करावा लागायचा आणि डी मधली गाणी, फोटो, प्रोजेक्ट वाचायचे. आपल्या दादा-ताईंनी हेच पाहिलं आणि आपल्याला तेच शिकवलं.

आता परिस्थिती बदललीय. फायली तशाच ठेवून विंडोज नव्याने बसवायची सोय २०१२ च्या विंडोज ८ पासून आहे. तरी आपण डी साठी हट्ट धरतो, कारण मनात पक्कं बसलंय की सी गेला तरी डी वाचतो.

आता माझा पराक्रम ऐका. पार्टनरच्या लॅपटॉपमध्ये ५१२ जीबीचा एसएसडी आहे. विंडोज त्याला ४७६ म्हणते, कारण कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. त्यातले ३०० जीबी रिकामे होते. तिच्या वडिलांनी उसाचं बिल आल्यावर तो घेऊन दिला होता. दुसऱ्या दिवशी दहा वाजता आमचं सबमिशन. मिनी प्रोजेक्टचा रिपोर्ट, सर्किटची चित्रं, स्कॉलरशिपचे स्कॅन केलेले कागद, सगळं त्या एकाच मशीनमध्ये. अशा रात्री कुणी शहाणं माणूस पार्टिशन करायला बसेल का? मी बसले!

डिस्क मॅनेजमेंट उघडलं, सी वर राइट क्लिक, श्रिंक व्हॉल्यूम. ही सोय २००७ च्या विंडोज व्हिस्टापासून विंडोजमध्येच आहे, त्याआधी वेगळं सॉफ्टवेअर लागायचं. मला वाटलं दीडशे जीबी सहज सुटतील. ते म्हणालं, १९ जीबी मिळतील. ३०० रिकामे असताना १९!

का, ते मला नंतर कळलं. श्रिंक करताना डिस्कच्या शेवटाकडची जागा रिकामी करावी लागते. साध्या फायली सरकवता येतात, पण काही सरकत नाहीत. पेज फाइल, हायबरनेशनची फाइल, रिस्टोर पॉइंट, शिवाय एनटीएफएसची स्वतःची नोंदवही असलेलं एमएफटी. यातलं एखादं मधेच ठाण मांडून बसलं असेल, तर त्याच्या अलीकडे भिंत घालता येत नाही. लग्नाच्या हॉलमध्ये मागच्या खुर्च्या रिकाम्या असल्या तरी एक आजोबा शेवटच्या रांगेत बसले की पडदा ओढता येत नाही, तसं. यावर उपायही साधा आहे. हायबरनेशन, पेज फाइल आणि सिस्टिम रिस्टोर तात्पुरतं बंद करायचं, रीस्टार्ट करून श्रिंक करायचं आणि मग ते परत सुरू करायचं.

मला एवढा धीर कुठला! मी एका सीनियरचा लिनक्सचा पेनड्राइव्ह आणला. त्यातल्या जीपार्टेडने काम होईल असं वाटलं. पेनड्राइव्हवरून मशीन सुरू होईना, म्हणून बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद केलं. जीपार्टेड उघडलं, तर सी पुढे लिहिलेलं 'बिटलॉकर'. आकार बदलायचा पर्यायच नाही. म्हटलं जाऊ दे, उद्या बघू. लॅपटॉप पुन्हा चालू केला आणि निळी स्क्रीन आली. तिने ४८ आकडी रिकव्हरी की मागितली.

कुठली की? आम्हाला तर हेही माहीत नव्हतं की डिस्कला कुलूप आहे. हल्लीच्या बऱ्याच लॅपटॉपमध्ये मायक्रोसॉफ्ट अकाउंटने पहिल्यांदा साइन इन केलं की डिस्क आपोआप एन्क्रिप्ट होते आणि किल्ली त्या अकाउंटवर जमा होते. आता ते अकाउंट कुणाचं? ज्या दुकानातून लॅपटॉप घेतला, तिथल्या मुलाने कुठल्यातरी ईमेलवर उघडून दिलेलं. म्हणजे घर आपलं, सामान आपलं आणि किल्ली कुणाकडे ते माहीत नाही. दुकान सकाळी अकराला उघडतं. सबमिशन दहाला.

पार्टनर मला एक शब्द बोलली नाही. त्यापेक्षा तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

सकाळी साडेआठला आम्ही लॅबमधल्या सरांच्या दारात उभ्या होतो. त्यांनी लॅपटॉपला हातही लावला नाही. एवढंच विचारलं, "शेवटचं काय बदललंस?" मी सांगितलं. "मग ते होतं तसं कर." सिक्युअर बूट परत चालू केलं आणि विंडोज निमूट उघडली! कुलपाला फक्त एवढंच कळलं होतं की मशीन सुरू व्हायची पद्धत बदललीय. चोर आला असेल म्हणून त्याने किल्ली मागितली. पूर्वीसारखं दिसल्यावर ते शांत झालं.

आम्ही सुटलो. पण त्या रात्री आमचा रिपोर्ट डी मध्ये असता तरी काय झालं असतं? विंडोजच सुरू होत नव्हती, तर डी उघडणार कुठून? मी हे बोलले तेव्हा पार्टनर हसली. शेतकऱ्याची मुलगी ती. म्हणाली, "अगं, बांध घातला म्हणून पुरातून वाचतंय होय? पूर आला की बांधाच्या दोन्ही अंगाचं रान जातं."

मला सांगायचंय ते एवढंच. सी आणि डी ही एकाच डिस्कची दोन नावं आहेत. कुठे सी संपतो आणि कुठे डी सुरू होतो, हे डिस्कच्या सुरुवातीला असलेल्या एका छोट्या तक्त्यात लिहिलेलं असतं. सातबाराच म्हणा ना. सातबाऱ्यावर दोन नावं लागली म्हणून जमीन दुप्पट होत नाही. डिस्क जळली, लॅपटॉप चोरीला गेला, मेसमधून आणलेला चहा कीबोर्डवर सांडला, तर दोन्ही जातात. गंमत म्हणजे हल्लीच्या जीपीटी पद्धतीत त्या तक्त्याची दुसरी प्रत डिस्कच्या शेवटी आपोआप ठेवलेली असते. तक्त्याची काळजी मशीन घेतं. आपल्या रिपोर्टची प्रत मात्र कुणी ठेवत नाही, ती आपणच ठेवायची असते.

मग पार्टिशन करूच नये का? तसं मी म्हणत नाही. लिनक्स बसवायचं असेल तर वेगळी जागा हवीच. विंडोज वरचेवर पुसून कोरी बसवणाऱ्यांनाही वेगळा डी सोयीचा पडतो. पण नुसत्या वर्गवारीसाठी भिंत कशाला? ते काम फोल्डर करतो. उद्या सी लाल झाला आणि डी रिकामा राहिला, तर विंडोजच्या सोयीने सी वाढवायला त्याच्या लगेच उजवीकडे मोकळी जागा लागते आणि तिथे तर डी बसलेला असतो! तो रिकामा करून पुसल्याशिवाय सुटका नाही.

आणि करायचंच असेल, तर क्रम पाळा. आधी महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसऱ्या डिस्कवर किंवा ड्राइव्हवर आणि ती उघडते का तेही पाहा. मग बिटलॉकरची की कागदावर लिहून घ्या आणि अकाउंट स्वतःच्या नावाचं करा. मग चार्जर लावा. श्रिंक सगळ्यात शेवटी. आणि सबमिशनच्या आदल्या रात्री तर अजिबात नाही!

एक विनंती सरांना आणि मॅडमना. पहिल्या वर्षी वर्कशॉपमध्ये आम्ही कानस घासघासून फिटिंगचा जॉब करतो. तो जॉब पुढे कुठे जातो देव जाणे. तशाच एका प्रॅक्टिकलमध्ये प्रत्येकाकडून आपल्या लॅपटॉपची की शोधून घ्या आणि एका फोल्डरची प्रत काढून ती परत उघडून दाखवायला सांगा. दोन तासांचं काम आहे. चार वर्षांत कुणाची तरी एक रात्र नक्की वाचेल.

पार्टनरच्या लॅपटॉपला अजूनही फक्त सी आहे. तिच्या कपाटात मात्र एक छोटी हार्ड डिस्क आहे आणि वहीच्या शेवटच्या पानावर ४८ आकडे. परवा फर्स्ट इयरची एक मुलगी नवा लॅपटॉप घेऊन आमच्या रूमवर आली, "ताई, डी करून देता?" मी तोंड उघडायच्या आत पार्टनरने तिला विचारलं, "की कुठाय गं तुझी?"