वकिलाचे मौन कोणासाठी?

अशिलाने विश्वासाने सांगितलेली गोष्ट वकिलाने फोडू नये, हा न्यायव्यवस्थेचा जुना दंडक आहे. १८७२ च्या पुरावा कायद्यात तो होता. १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्येही तो कायम आहे. आरोपीला निर्भयपणे बचाव करता यावा म्हणून तो आवश्यकच होय. परंतु एखाद्या घरात बालकाचा वा वृद्धाचा छळ चालू असल्याचे वकिलाला कळले, तर त्याच्या मौनाने रक्षण कोणाचे होते?

बालकांविषयी २०१२ च्या पॉक्सो कायद्याचे कलम १९ कडक आहे. लैंगिक गुन्हा घडल्याचे ठाऊक असलेल्या, अथवा तो घडेल अशी धास्ती असलेल्या ‘कोणत्याही व्यक्ती’ने पोलिसांना कळवलेच पाहिजे, न कळवल्यास सहा महिन्यांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. चंद्रपूर जिल्ह्यातील एका वसतिगृहाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये तसे बजावलेही. तेथे प्रश्न डॉक्टरचा होता. वकिलाविषयी कलमात वेगळा शब्द नाही. ते शब्दशः लावले, तर बचावासाठी आलेल्या आरोपीची कबुलीही पोलिसांकडे जाईल आणि राज्यघटनेच्या अनुच्छेद २२ ने दिलेला वकिलाचा आधार पोकळ ठरेल.

वृद्धांच्या बाबतीत नेमके उलट आहे. २००७ च्या कायद्याने वृद्धाला निराधार सोडून देणे हा गुन्हा ठरवला; पण तो कळवण्याचे बंधन कोणावर घातले नाही. वस्तुतः वृद्धाची लूट कित्येकदा वकिलाच्या टेबलावरच आकार घेते. मुलगा आईला घेऊन येतो, बक्षीसपत्र करवून घेतो, फीही तोच देतो. सांभाळाची अट पत्रात असेल, तर ती मोडल्यावर कलम २३ खाली बक्षीस रद्द करवून घेता येते. ती एक ओळ फी देणाऱ्याच्या मर्जीवर सोडणाऱ्या वकिलास तटस्थ कसे म्हणावे?

घडून गेलेल्या कृत्याची बचावासाठी दिलेली कबुली अभंगच राहावी. पण बेकायदा हेतूने झालेल्या संभाषणाला, तसेच वकीलपत्र घेतल्यानंतर घडलेला जो गुन्हा वकिलाच्या नजरेस येतो त्याला, कलम १३२ आजही संरक्षण देत नाही. ही केवळ मोकळीक आहे. चालू अत्याचारापुरते संसदेने तिचे कर्तव्यात रूपांतर करावे. वृद्ध हा सज्ञान नागरिक आहे. त्याला आधी एकांतात विचारावे व त्याच्या संमतीने कळवावे. भान हरपलेल्या किंवा धाकात कोंडलेल्या वृद्धासाठीच संमतीचा आग्रह सोडावा. जो फी देऊ शकत नाही त्याच्याकडे पाठ फिरवणारी गुप्तता हा न्यायाचा आधार नव्हे. ते बलवानाच्या दाराला लावलेले आणखी एक कुलूप होय.