भाषेचा दुसरा पक्ष

मुलांना शाळेत न घालता घरीच शिकविणारे पालक परकीय भाषेसाठी आंतरजालावरील अभ्यासक्रमांकडे वळतात. ही निवड अर्थशास्त्राला धरूनच आहे. एकदा तयार झालेला पाठ आणखी एका विद्यार्थ्याला देण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. म्हणूनच २०१२ मध्ये सर्वांसाठी खुले झालेले डुओलिंगो आपले पाठ विनामूल्य देऊ शकते. महाग असतो तो चूक ऐकून तत्क्षणी सुधारणारा शिक्षक. आणि स्वस्ताईत नेमका तोच वगळला जातो.

याची किंमत परीक्षेत मोजावी लागते. पुण्या-मुंबईच्या मॅक्सम्युलर भवनांतही होणाऱ्या जर्मनच्या बी-१ परीक्षेत वाचन, श्रवण व लेखन यांबरोबर संभाषणही असते. तेथे सामान्यतः दोन उमेदवारांना समोरासमोर बसवून एखादा बेत मिळून ठरवावयास सांगतात. हजारो शब्द पाठ असलेले, परंतु एकट्यानेच शिकलेले मूल तेथे अडखळले तर नवल नाही.

यंत्राला दोष देणे व्यर्थ होय. शब्दसंग्रह त्याच्याकडून अवश्य वाढवावा. वाचलेला पैसा मात्र आठवड्यातून एक तास प्रत्यक्ष संभाषणासाठी राखावा. चार कुटुंबांनी मिळून एक शिक्षक नेमल्यास तो खर्चही झेपेल. भाषा हा व्यवहार आहे, आणि व्यवहाराला दुसरा पक्ष लागतोच.