नंबर लावण्याचे भय

दाताच्या दवाखान्यात नंबर लावणे, बँकेच्या खिडकीशी उभे राहून एखाद्या अर्जाची चौकशी करणे किंवा गॅसवाल्याला फोन करून दुरुस्तीची वेळ ठरवून घेणे, ही कामे ज्यांना कामे म्हणून जाणवतही नाहीत अशा भाग्यवंतांना हे सांगूनही पटणार नाही की, चांगली सुशिक्षित, आपापल्या नोकरीत चोख असलेली माणसे दाढ ठणकत असताना दिवसचे दिवस लवंगेच्या तेलावर काढतात. आणि तेही सुईच्या भयाने नव्हे, तर पलीकडून 'बोला' असा आवाज आल्यावर पहिले वाक्य कोणते उच्चारावे, या विवंचनेने.

या भीतीचे वैशिष्ट्य असे की, ती प्रसंगापेक्षा प्रसंगाच्या मागेपुढेच अधिक नांदते. गुरुवारी साडेअकराची वेळ ठरली की बुधवारची रात्र आणि गुरुवारची सकाळ जप्त होते. प्रत्यक्ष संभाषण दोन-तीन मिनिटांत उरकते. मात्र घरी परतल्यावर आपण 'बरं बरं' दोनदा का म्हणालो, आणि त्या बाई हसल्या त्या नेमक्या कशाला, याची चौकशी मनाच्या कचेरीत रात्रीपर्यंत चालू राहते व निकाल बहुधा अर्जदाराच्या विरुद्धच जातो.

अमेरिकेतील मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या निदानसंहितेत या विकाराला स्वतंत्र स्थान दिले, तेव्हा कोठे 'लाजाळू स्वभाव' म्हणून बोळवण होत असलेल्या या यातनेची वैद्यकाच्या दप्तरी रीतसर नोंद झाली. पुढे १९९५ मध्ये डेव्हिड क्लार्क आणि एड्रियन वेल्स या मानसशास्त्रज्ञांनी तिची जी उपपत्ती मांडली ती मला फार मार्मिक वाटते. भयग्रस्ताचे लक्ष समोरच्या माणसाकडे नसतेच, ते आपल्या कापऱ्या आवाजाकडे आणि तापलेल्या कानांकडे असते. आणि फजिती टळावी म्हणून वाक्ये घोकून जाणे, नजर कागदात खुपसून ठेवणे, भरभर बोलून मोकळे होणे अशा ज्या युक्त्या तो योजतो, त्या युक्त्याच त्याला हे कधी कळू देत नाहीत की, त्यांच्यावाचूनही काही बिघडले नसते.

या युक्त्यांत मी आपल्या कुटुंबवत्सल समाजाची एक भर घालू इच्छितो, आणि ती अनेकांना रुचणार नाही हे जाणून घालतो. 'आमचा जरा भिडस्त आहे हो, मीच सांगते,' असे म्हणून आई, आईनंतर थोरली बहीण आणि लग्नानंतर बायको पुढे सरसावते. हे प्रेमच आहे, यात शंका नाही. परंतु 'काय होतंय?' असे डॉक्टरांनी तिशीतल्या माणसाला विचारावे आणि उत्तर आईने द्यावे, ही वकिली त्या भयाला दरवेळी मुदतवाढ मिळवून देते. उलट टोकाचा, 'त्यात काय घाबरायचं!' हा उपदेशही तितकाच निरुपयोगी. कारण त्यात काही नाही हे त्या बिचाऱ्याला पुरते ठाऊक असते, आणि तरीही छाती धडधडते याचीच तर त्याला लाज वाटते.

विवेकनिष्ठ मानसोपचाराचे प्रवर्तक म्हणून मराठी वाचकांना परिचित असलेले अल्बर्ट एलिस तरुणपणी स्त्रियांशी बोलायला विलक्षण घाबरत. वयाच्या १९व्या वर्षी त्यांनी न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागातील वनस्पतिउद्यानात महिनाभर, बाकावर एकट्या बसलेल्या स्त्रीशी मिनिटभरात बोलायला सुरुवात करायचीच, असा नेम केला. (आजच्या काळी हा प्रयोग कोणी सार्वजनिक बागेत करू नये.) त्यांच्याच सांगण्याप्रमाणे सुमारे १३० पैकी ३० जणी उठून गेल्या, उरलेल्या १०० जणींशी बोलणे झाले, पुन्हा भेटण्याचे एकीनेच कबूल केले, आणि ती आली नाही. हिशेबाने ही सपशेल हार. पण एकदाही आकाश कोसळले नाही, आणि भीती मात्र बरीचशी ओसरली. आपल्याला एवढ्या पराक्रमाची गरज नाही: आज दुकानदाराला नुसता भाव विचारावा आणि काही न घेता परतावे, परवा वाक्य न घोकता दवाखान्यात फोन लावावा, इतक्या लहान पायऱ्याही चालतात, मात्र त्या एकापाठोपाठ एक आणि मध्यस्थाविना चढाव्या लागतात.

तथापि सगळा भार भिणाऱ्यावरच टाकणे मला अन्यायाचे वाटते. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ अन्वये अधिसूचित सेवा, त्यांची मुदत आणि जबाबदार अधिकारी यांचा फलक कार्यालयात लावणे बंधनकारक आहे. तो कायदा बुजऱ्या माणसांसाठी केलेला नसला तरी, कोणाला काय विचारावे हे भिंतीवरच लिहिलेले असणे ही त्यांच्यावर मोठी मेहेरबानी आहे. खासगी दवाखान्यांत मात्र नाव कोठे लिहायचे, चपला कोठे काढायच्या, पैसे आधी की नंतर, हे सारे नित्याच्या मंडळींनाच अवगत असते. एक पाटी आणि फोनऐवजी संदेश पाठवून वेळ घेण्याची मुभा, एवढी तजवीज कोणत्याही डॉक्टरला परवडावी.

ज्यांचे भय याच्याही पलीकडे गेले आहे, त्यांच्यासाठी केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी 'टेलि-मानस' ही मानसिक आरोग्यासाठीची विनामूल्य दूरध्वनी सेवा सुरू केली. तिचा क्रमांक १४४१६, आणि तेथे मराठीतही बोलता येते. फोनलाच भिणाऱ्याच्या हाती आणखी एक फोन क्रमांक ठेवण्यातला विनोद माझ्या ध्यानात आहे. घरच्यांनी अवश्य शेजारी बसावे. आकडे मात्र त्यालाच दाबू द्यावेत, आणि पलीकडून 'बोला' ऐकू आल्यावर तो थोडा वेळ गप्प राहिला, तर फोन त्याच्या हातून काढून घेऊ नये.