माझी फुली

२३ जून २०१६च्या ब्रेक्झिट सार्वमतात मी मत दिलं, तेही भारतीय पासपोर्टवर! राष्ट्रकुलातले रहिवासी म्हणून आपल्याला तो हक्क होता. शेजारच्या पोलिश कुटुंबाला नव्हता. मी 'बाहेर पडा'वर फुली मारली. युरोपीयांना दार बंद झालं की आपल्याला उघडेल, असं प्रचारात सांगत होते.

आता परिणामांचा वाद निघाला की आमचे मित्र म्हणतात, सगळं कोविडमुळे झालं. अहो, कोविड साऱ्या जगाला झाला. १ जानेवारी २०२१पासूनचे कस्टमचे फॉर्म ब्रिटननं स्वतः ओढवून घेतले. दीर्घकाळात उत्पादकता ४ टक्क्यांनी घटेल, हा ओबीआरचा अंदाज आहे; त्यावर खुशाल भांडा. पण मोठी कंपनी त्या फॉर्मांसाठी माणूस ठेवते आणि छोटा चीजवाला युरोपातलं गिऱ्हाईकच सोडतो, हे कसं नाकारणार? सार्वभौमत्व मिळालं ते नेमकं कुणाला?

आपल्याला दार उघडलं खरं. भारतातून विद्यार्थी आले, नर्सेस आल्या. मग काल पोलिशांवर रोखलेलं बोट आपल्याकडे वळलं. यात आपला काय दोष, असं विचारणाऱ्यांना माझ्यापुरतं उत्तर देतो. मी मत दिलं होतं, आणि ते चुकलं.