सोपाऱ्यात आपलं काय?

टेंभी नाक्याहून ठाणे स्टेशन, दादरला गाडी बदलून नालासोपारा. शाळेच्या सहलीला आम्ही तिथला स्तूप सुचवला, तेव्हा एका मुलाच्या अम्मींनी विचारलं, "तिथे आपलं काय आहे?" प्रश्न सरळ होता, उत्तरही सरळच द्यायला हवं.

जुन्या अरब भूगोलकारांच्या ग्रंथांत हेच बंदर 'सुबारा' नावाने येतं. अल-बिरूनीने आपल्या ठाण्याची नोंद 'ताना' अशी केली. म्हणजे ही किनारपट्टी त्यांना चांगलीच माहीत होती. आणि ज्या मातीत आपण राहतो, तिचा इतिहास परक्याचा कसा?

या टेकाडाला लोक 'बुरूड राजाचा कोट' म्हणत. १८८२ मध्ये पंडित भगवानलाल इंद्रजींनी ते खोदलं. आत दगडी पेटी निघाली. तिच्यात एकात एक डब्या: तांब्याची, चांदीची, दगडाची, स्फटिकाची, शेवटी सोन्याची. त्या इवल्याशा सोन्याच्या डबीत मातीच्या पात्राचे तुकडे! आमच्या वर्गाला हे ऐकताना सोन्यापेक्षा मातीचंच जास्त नवल वाटलं.

आता तिथे विटांचा उंचवटाच दिसतो. पेटीतला ऐवज मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे गेला. सोपाऱ्याच्या अशोककालीन शिलालेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. गावची वस्तू गावात पाहायला मिळू नये, हे आम्हाला खटकतं. तोवर पालकांनी एका रविवारी मुलांना आधी संग्रहालय दाखवावं, पुढच्या रविवारी स्तूप. उलट केलं तर मुलं विटा पाहून कंटाळतात.