आपले महाविद्यालय की त्यांचे?

अमेरिकेतील कृष्णवर्णीय समाजाच्या कित्येक घरांत दरवर्षी वसंत ऋतूत एकच वाद चालतो. शालेय शिक्षण संपवीत आलेल्या मुलाच्या किंवा मुलीच्या हाती प्रवेशाची दोन पत्रे असतात. एक राज्याच्या मोठ्या विद्यापीठाचे. तेथे पैसा आहे, प्रयोगशाळा आहेत, नाव आहे, पण वर्गात आपल्यासारखा चेहरा क्वचितच दिसावयाचा. दुसरे हॉवर्ड, फिस्क, मोरहाऊस किंवा स्पेलमन यांच्यासारख्या, कृष्णवर्णीयांच्या शिक्षणासाठीच निघालेल्या महाविद्यालयाचे. यांपैकी कोणते स्वीकारावे?

हा प्रश्न सातासमुद्रापलीकडचा म्हणून वाचकांनी बाजूस सारू नये. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेत गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या लोकांस अर्पण केला, आणि १९४६ साली डॉ. बाबासाहेबांनी डू बॉइस यांस पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रसंघाकडे केलेल्या अर्जाच्या प्रती मागविल्या. त्यांच्या प्रश्नाकडे आपण आजवर परक्याच्या दृष्टीने पाहिलेले नाही.

१९६५ च्या उच्च शिक्षणविषयक कायद्याने या संस्थांची व्याख्या केली आहे: १९६४ पूर्वी स्थापन झालेली आणि कृष्णवर्णीयांचे शिक्षण हेच मुख्य कार्य मानणारी महाविद्यालये. अशी सुमारे शंभर आज उभी आहेत, बहुतेक दक्षिणेकडील राज्यांत. यांपैकी एकीची कथा आमच्या वाचकांस विशेष जवळची वाटेल. फिलाडेल्फियातील गोऱ्यांच्या चर्चमध्ये प्रार्थनेस गुडघे टेकलेल्या काळ्या भाविकांस जागेवरून उठविण्यात आले, तेव्हा रिचर्ड ॲलन व त्यांचे सोबती त्या चर्चमधून बाहेर पडले. त्यातून पुढे १८१६ साली त्यांचा स्वतंत्र धर्मसंघ स्थापन झाला, आणि याच संघाने १८६३ साली ओहायोमधील विल्बरफोर्स विद्यापीठ विकत घेऊन स्वतः चालविले. प्रथम अपमानाच्या देवळातून बाहेर पडणे, मग स्वतःचे प्रार्थनास्थळ, मग स्वतःचे विद्यालय. १४ ऑक्टोबर १९५६ नंतर हा क्रम आम्हांस कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

परंतु येथेच आक्षेप येतो. वेगळ्या शाळांविरुद्ध ज्यांनी न्यायालयात पन्नास वर्षे झुंज दिली, त्यांच्याच मुलांनी आता आपण होऊन वेगळ्या महाविद्यालयात जावे, ही विसंगती नव्हे काय? आक्षेप वरकरणी बिनतोड आहे. कायद्याच्या दृष्टीने तपासला म्हणजे मात्र तो टिकत नाही.

थर्गुड मार्शल हे बाल्टिमोरचे. त्यांच्या घरापासून जवळ असलेल्या मेरीलँड विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात काळ्यांस प्रवेश नव्हता. म्हणून ते वॉशिंग्टनला हॉवर्डमध्ये गेले आणि १९३३ साली वर्गात पहिले येऊन बाहेर पडले. तेथे त्यांचे गुरू चार्ल्स ह्यूस्टन होते. या गुरुशिष्यांनीच १९३६ साली मेरीलँडच्या सर्वोच्च अपील न्यायालयाकडून तेच बंद दार डोनाल्ड मरे या विद्यार्थ्यासाठी उघडून घेतले. १९५० साली स्वेट खटल्यात टेक्सस राज्याने काळ्यांसाठी घाईघाईने एक निराळे विधी महाविद्यालय काढून दाखविले, तेव्हा सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, महाविद्यालयाची प्रतिष्ठा, परंपरा, जुन्या विद्यार्थ्यांचे वजन या गोष्टी मोजता येत नसल्या तरी खऱ्या असतात, आणि त्या असे एखादे निराळे महाविद्यालय काढून देता येत नाहीत. १९५४ च्या ब्राउन निकालाने शासनाचा अधिकार काढून घेतला, तो रंग पाहून मुलांस निरनिराळ्या शाळांत धाडण्याचा. मुलाने स्वतः कोठे जावे याचा अधिकार त्या निकालाने कोणाकडूनही काढून घेतलेला नाही. दार बाहेरून कडी लावून बंद केलेले असते तेव्हा ती कोठडी होते. कडी आपल्या हाती असली तर तेच घर होय.

शिवाय ही महाविद्यालये इतरांस बंद नाहीत. २०२२ साली त्यांतील विद्यार्थ्यांपैकी शेकडा सुमारे २४ कृष्णवर्णीयेतर होते. बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ व १९५० साली औरंगाबादेस मिलिंद महाविद्यालय काढले, ती अस्पृश्यांच्या उन्नतीसाठी. पण दारावर जातीची पाटी लाविली नाही. तरीही आमच्यातील सुस्थितीत आलेला वकील वा अधिकारी आपल्या मुलासाठी महाविद्यालय शोधू लागला की त्याला ही नावे आठवत नाहीत, हे आम्ही अनेकदा पाहिले आहे. कृष्णवर्णीयांतही हा प्रकार झाला. महाविद्यालयीन कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी १९७६ साली शेकडा १८ या संस्थांत होते. २०१४ साली ८ उरले.

मग त्या मुलीने काय करावे? डू बॉइस यांचे चरित्र येथे उद्‌बोधक आहे. मॅसॅच्युसेट्समधील गोऱ्यांच्या गावात ते वाढले. आपली माणसे मोठ्या संख्येने, शिकलेली, हसती-बोलती अशी त्यांनी प्रथम पाहिली ती फिस्कमध्ये. १८८८ साली तेथील पदवी घेऊन मग ते हार्वर्डला गेले. पुढे १९३५ साली त्यांनीच लिहिले की, वेगळी शाळा वा मिश्र शाळा यांपैकी काही एक हवे असे नाही; हवे आहे ते शिक्षण. बाबासाहेब मात्र १९१३ साली कोलंबियास गेले, आणि बरोबरीने वागविले जाणे म्हणजे काय याचा अनुभव त्यांनी परक्यांमध्ये घेतला. दोन्ही वाटांनी माणसे घडली. ज्या मुलीला आजवर प्रत्येक वर्गात आपल्या जातकुळीचे प्रतिनिधित्व एकटीने करावे लागले, तिने चार वर्षे केवळ विद्यार्थिनी म्हणून राहावयाचे ठरविले, तर तिला पळपुटी म्हणण्याचा अधिकार कोणास पोहोचत नाही. तसेच मोठ्या विद्यापीठात गेलेल्या मुलास समाजद्रोही म्हणणेही अडाणीपणाचे आहे.

आम्हांस धास्ती वाटते ती निराळीच. २९ जून २०२३ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलायना विद्यापीठांची, वर्णाचा विचार करणारी प्रवेशपद्धती रद्द ठरविली. आता मोठ्या विद्यापीठांचे कारभारी म्हणू लागतील की, तुमच्यासाठी तुमची महाविद्यालये आहेतच. हे जुनेच सोंग आहे. १९३८ साली मिसुरी राज्य लॉइड गेन्स यांस म्हणाले होते, परराज्यात जा, फी आम्ही भरतो; न्यायालयाने ते मानले नाही. फिस्क आहे म्हणून हार्वर्डचे दार लोटता येणार नाही.

आणि निवड करावयाची तर ती भावनेच्या भरात करू नये. संस्थेची मान्यता अबाधित आहे काय, कर्ज किती काढावे लागेल, प्रवेश घेतलेल्यांपैकी पदवी किती जणांस मिळते, हे आधी विचारावे. अटलांटातील मॉरिस ब्राउन महाविद्यालयाची मान्यता २००२ साली गेली, तेव्हा तेथील विद्यार्थ्यांची केंद्र सरकारची मदतही गेली. मान्यता परत मिळावयास २०२२ साल उजाडले. अशा दैन्याचा दोष नेहमी चालकांचाच असतो असे नाही. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या शिक्षण व कृषी खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांस लिहून कळविले की, त्यांनी आपल्या कृष्णवर्णीय कृषी विद्यापीठांस तीन दशकांत मिळून १२ अब्ज डॉलरांहून अधिक कमी दिले आहेत.

मार्शल यांच्या मेरीलँडमध्ये याहून सूक्ष्म युक्ती होती. कृष्णवर्णीय विद्यापीठाने एखादा अभ्यासक्रम चालवावा आणि राज्याने तोच शेजारच्या गोऱ्या विद्यापीठात सुरू करू द्यावा, म्हणजे गोरा विद्यार्थी इकडे फिरकत नाही आणि संस्था आपोआप एकाच रंगाची राहते. याविरुद्ध २००६ साली दावा दाखल झाला. २०१३ साली न्यायाधीशांनी मॉर्गन, कॉपिन, बोवी व ईस्टर्न शोर या चार विद्यापीठांच्या बाजूने निष्कर्ष दिला. तडजोड व्हावयास २०२१ उजाडले: ५७ कोटी ७० लाख डॉलर, दहा वर्षांत द्यावयाचे. दावा दाखल झाला त्या वर्षी जो विद्यार्थी या विद्यापीठांत दाखल झाला होता, तो यांतील पहिला डॉलर येण्यापूर्वीच तिशी ओलांडून गेला होता.