नवऱ्याची गोळी कोणी थांबवायची?

इस्लापूरहून मेंदूच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे हिमायतनगर, भोकर मागे टाकत नांदेड गाठायचं, नाहीतर किनवटवरून आदिलाबाद. गाडीभाडं, बुडालेली मजुरी, आणि सोबत सैरभैर झालेला माणूस. त्यामुळं स्मृतिभ्रंशाची गोळी बंद करायची की नाही, हा प्रश्न इकडे फारसा कुणी विचारतच नाही. पाकीट संपतं, पुढचं आणायचं राहतं आणि घरातलं कुणीतरी म्हणतं, तसाही फरक कुठं पडत होता? माझं म्हणणं असं, की ही गोळी थांबवणं पुष्कळदा बरोबर असेल, पण तिला अशी आपोआप बंद पडू देणं जवळजवळ कधीच बरोबर नसतं.

‘फरक पडत नाही’ हे आधी तपासून घ्यावं. डोनेपेझिल असो की मेमँटिन, गेलेली आठवण ती परत आणत नाही. झालाच उपयोग तर घसरण थोडी संथ होते. रोज डोळ्यांसमोर घसरणाऱ्या माणसात बायकोला तो उपयोग दिसणार कसा? दिसला तर तो गोळी काढल्यावरच. ब्रिटनमधल्या डोमिनो चाचणीत नेमकं हेच पाहिलं गेलं. तिचे निष्कर्ष २०१२ साली प्रसिद्ध झाले. आजार मध्यम ते तीव्र टप्प्यात गेलेले, घरीच राहणारे, आधीपासून डोनेपेझिल घेणारे असे २९५ रुग्ण तिच्यात होते. वर्षाअखेर गोळी चालू असलेल्यांना ३० गुणांच्या परीक्षेत, ती बंद केलेल्यांपेक्षा सरासरी १.९ गुण जास्त पडले. गुण मोजकेच. पण २०१५ साली याच रुग्णांचा पुढचा हिशेब आला: गोळी काढलेल्यांना पहिल्या वर्षात वृद्धांच्या शुश्रूषागृहात ठेवावं लागण्याची शक्यता सुमारे दुप्पट होती, नंतरच्या तीन वर्षांत तो फरक उरला नाही. हा आकडा किनवट तालुक्यात आणून पाहा. इथं शुश्रूषागृहाच्या जागी बायको असते. तिकडे जो भार नोंदवहीत चढला, तो इथं तिच्या अंगावर पडतो आणि कुठल्याच तक्त्यात येत नाही.

मग गोळी जन्मभर चालूच ठेवायची? तसंही नाही. फ्रान्सनं ऑगस्ट २०१८ पासून अल्झायमरच्या चारही औषधांचा खर्च सरकारी विम्यातून देणं थांबवलं. फायदा अपुरा, त्रास बराच, असं त्यांचं मत पडलं. त्यांनी बंदी घातली नाही, एवढं मात्र ध्यानात ठेवावं. आणि त्रास खराच आहे. डोनेपेझिलच्या जातीतल्या गोळ्यांनी भूक मरते, जुलाब होतात, नाडी मंदावून माणूस चक्कर येऊन पडतो. कधी लघवीवरचा ताबा सुटतो, तो आजाराचाच भाग समजून दुसरी गोळी सुरू होते, आणि अशा गोळ्यांतल्या काही तर पहिलीच्या बरोब्बर उलट काम करतात. पैसे दोन्हींचे जातात. वजन झपाट्यानं उतरत असेल, गोळी गिळताना ठसका लागत असेल, माणूस अंथरुणाला खिळून कुणालाच ओळखत नसेल, तर ती थांबवण्यात हयगय कसली? फक्त डॉक्टरच्या सल्ल्यानं, उतरत्या पायऱ्यांनी. २०१८ च्या ऑस्ट्रेलियन मार्गदर्शिकेप्रमाणं साधारण चार-चार आठवड्यांनी डोस निम्मा करत न्यायचा, सगळ्यात लहान डोसनंतर बंद करायचा, आणि तब्येत उघड ढासळली तर परत सुरू करायचा. नाडी फारच मंदावली असेल तर मात्र डॉक्टर एकदम बंद करायला सांगू शकतात. परत सुरू करण्यातही मेख आहे: डोनेपेझिलच्याच जातीतल्या रिव्हास्टिग्मिनमध्ये तीन दिवसांपेक्षा जास्त खंड पडला, तर जुना डोस थेट देत नाहीत, खालून चढत यावं लागतं.

खेड्यात लक्ष कोण ठेवणार, असं विचारलं जाईल. पण लक्ष ठेवायचं कशावर? तो हातानं जेवतो का, मोरीपर्यंत जातो का, रात्री झोपतो का, नसलेली माणसं त्याला दिसतात का. हे घास भरवणारीला डॉक्टरपेक्षा जास्त कळतं. तिनं किंवा नातवानं आठवड्याला वहीत चार ओळी लिहिल्या आणि ई-संजीवनी या सरकारी ऑनलाइन सेवेवर किंवा फोनवर डॉक्टरला वाचून दाखवल्या, तर नांदेडच्या बऱ्याच खेपा वाचतील.

खरी अडचण भावकीची. ‘पैसे वाचवायला औषध तोडलं’ हा बोल बायकोच्याच वाट्याला येतो. ज्यांच्या एका हाकेवर मुंबई थांबायची, त्या जॉर्ज फर्नांडिसांना अल्झायमर झाला, तेव्हा २०१० साली पत्नी-मुलगा एकीकडे आणि भाऊ दुसरीकडे असा वाद दिल्ली उच्च न्यायालयात गेला होता. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात मानसिक आजाराच्या व्याख्येत स्मृतीचे गंभीर विकारही येतात. त्या कायद्यानुसार आपल्या वतीनं उपचारांच्या निर्णयात कोण असावं, हे रुग्णाला साध्या कागदावर, सही किंवा अंगठ्यानिशी, लिहून ठेवता येतं. पण आपण काय लिहितो हे त्याला उमजत असतानाच. म्हणजे गोळी थांबवायचा विचार डोक्यात येण्याच्या कितीतरी आधी, निदान झालं त्या वर्षीच.